चिखलातल्या त्या मिठीचा खुलासा

ऑस्ट्रेलियाच्या रग्बी लीग विजेत्याला मिळणाऱ्या करंडकावर मिठीतले, चिखलाने माखलेले दोन खेळाडू आहेत: उंच नॉर्म प्रोव्हन आणि त्याच्यापेक्षा बराच बुटका आर्थर समन्स. एका फोटोवरून हे शिल्प घडवलंय. हरलेला कर्णधार विजेत्याचं दिलखुलास अभिनंदन करतोय, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. तसं नव्हतं.

२४ ऑगस्ट १९६३, सिडनी क्रिकेट ग्राउंड. अंतिम सामन्यात प्रोव्हनच्या सेंट जॉर्जने समन्सच्या वेस्टर्न सबर्ब्सला (वेस्ट्स) ८-३ असं हरवलं. सेंट जॉर्जच्या जॉनी किंगच्या ट्रायवर (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवणं; तेव्हा त्याचे ३ गुण) वेस्ट्सचा आक्षेप होता: त्याला टॅकल करून खाली पाडलं होतं, तरी पंचांनी खेळ चालू ठेवला. सेंट जॉर्जकडून अंतिम सामना हरण्याची वेस्ट्सची ही सलग तिसरी वेळ! सामन्यानंतर प्रोव्हनने जर्सी बदलायची का, असं विचारलं. समन्सने नकार दिला. नंतर त्यानेच सांगितलं की, त्या क्षणी तो पंचांबद्दल कुरकुर करत होता. छायाचित्रकार जॉन ओ'ग्रेडीने नेमकं तेव्हाच कॅमेऱ्याचं बटण दाबलं. पंचांनी पक्षपात केल्याचा संशय मात्र कधी सिद्ध झाला नाही.

प्रोव्हनची मोठी कामगिरी या फोटोमागे झाकली जाते, हे खटकतं. दुसऱ्या रांगेत (सेकंड-रो) खेळणाऱ्या या आघाडीच्या खेळाडूने १९५६ ते १९६५ सलग १० विजेतेपदं मिळवली, त्यातली शेवटची ४ कर्णधार आणि प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत. समन्स त्याआधी रग्बी युनियनमध्येही (रग्बीचा दुसरा प्रकार) ऑस्ट्रेलियाकडून खेळला होता. या फोटोवरचं शिल्प करंडकावर आलं १९८२ साली. दोघांची नावं करंडकाला मिळाली थेट २०१३ मध्ये.