एकाच गंजातली वरची पळी आणि खालची पळी

श्रावण अमावस्येला पोळा आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. त्याच दिवशी जुन्या नागपुरातून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे पिडेचे मोठे पुतळे, मिरवत निघते, 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' असा गलका होतो, आणि त्याच्याही आधी, सकाळी सातपासूनच मटणाच्या दुकानांपुढं रांगा लागलेल्या असतात. महिनाभर श्रावण पाळलेला असतो ना! सणाच्या दुसऱ्या दिवसाला आपल्याकडं कर म्हणतात, आणि पोळ्याच्या करीला घरात मटण नाही म्हणजे काहीतरी बिघडलंय असं शेजारी समजतात.

आमचं घर तांडापेठेत, शेजार कोष्ट्यांचा, म्हणजे विणकरांचा. शेजारच्या आजी करीच्या दिवशी अंगणातल्या चुलीवर जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, मोठा गंज (पातेलं) चढवायच्या. मटण सव्वा किलो, खाणारी तोंडं चौदा. हा हिशोब मी लहानपणी कधी केला नाही. आता करतो तेव्हा सावजी रस्सा म्हणजे काय हे जरा कळतं. बाहेरगावच्या माणसाला सावजी म्हटलं की तिखटच आठवतं. घाम, नाकातून पाणी, टेबलावर थंड पाण्याचा जग. पण घरच्या गंजाची गोष्ट वेगळी आहे, आणि जुनीही.

नागपूर शहर वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शाहानं, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. पुढं भोसल्यांचं राज्य आलं. रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालपर्यंत गेल्या, ओडिशा आणि छत्तीसगड नागपूरच्या अमलाखाली आले. राजधानी म्हटली की दरबार आला, दरबाराला पागोटी, धोतरं, लुगडी लागणार, आणि ती विणणारे हात जवळच हवेत. कोष्ट्यांच्या वस्त्या इथं वाढल्या त्या या गिऱ्हाइकीवर. टिमकी, तांडापेठ, गोळीबार चौक, नाईक तलावाचा परिसर या भागांत एकेकाळी घरोघरी खड्डामाग होता. विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा, बायका कांड्या भरायच्या, पोरं तुटलेला धागा जोडून द्यायची. रेशीमकाठी धोतरासाठी उमरेडचं नाव होतं.

या विणकरांतले बरेच जण स्वतःला हलबा कोष्टी म्हणवतात. हलबा मूळचे बस्तर-कांकेरच्या बाजूचे. त्यांच्या हलबी बोलीत मराठी, छत्तीसगडी आणि ओडिया असं तिन्हींचं मिश्रण सापडतं. हलबा आणि हलबा कोष्टी एकच की वेगळे, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, २००० साली घटनापीठानं त्यावर निकाल दिला, आणि या वस्त्यांत तो विषय काढला की आजही चहा थंड होतो. तो इथं नको. एवढंच की कोष्टी पुरुषाला आदरानं 'सावजी' म्हणायची रीत होती. साहू किंवा शाह या शब्दाला 'जी' लागून सावजी झालं असं सांगतात. माणसाला मारायची हाक पुढं त्याच्या घरच्या रश्श्याला चिकटली.

रस्सा पातळ का, हे या घरांकडं बघितलं की समजतं. मागावर बसणाऱ्या कुटुंबाकडं पैसा बेताचा आणि माणसं भरपूर. मटण रोज नाही. सण, पाहुणा किंवा देवाला बोकड कापला तर. त्या दिवशी थोड्या मटणात सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं तर उपाय एकच, रस्सा वाढवा. पण नुसतं पाणी वाढवलं तर ते वरण होईल. म्हणून जाडी आणायला सुकं खोबरं, खसखस, भाजलेला कांदा, कुठं भाजलेली ज्वारी, कुठं भाजलेली चणाडाळ. नळीची हाडं टाकायचीच, कारण मंद आचेवर हाडाच्या आसपासचा चिवट भाग विरघळतो आणि रश्श्याला अंग येतं. बोकडाचं काही वाया जात नाही. खुरांचा रस्सा वेगळा, आतड्यांची 'सुंदरी' वेगळी. सुंदरी हे नाव ज्यानं ठेवलं त्याला मानलं पाहिजे.

आणि हे सगळं एकाच गंजात. माग चालू असताना चुलीपाशी दोन-तीन भांडी सांभाळायला कोण मोकळं? गंज मंद आचेवर ठेवायचा, मधून एखादी बाई उठून ढवळून यायची. मटण शिजायला दुपार लागली तरी बिघडत नव्हतं. हा माझा अंदाज म्हणा. पण आजींच्या घरात मी हेच बघितलं, आणि तेव्हाही त्यांच्या घरचा शेवटचा माग चालू होता.

मसाल्याबद्दल बोलायचं तर आधी आकड्यांचं भूत उतरवू. पाकिटांवर ३२ मसाले, कुठं ३६ लिहिलेलं असतं. आजींच्या पाट्याशेजारी मी मोजले होते, मीठ-हळद धरून एकोणीस भरले. धणे, शहाजिरे, मिरे, लवंग, दालचिनी, तमालपत्र, मोठी वेलची, जायपत्री, चक्रीफूल, नागकेशर, दगडफूल, सुंठ, खसखस, खोबरं वगैरे. यातलं इथं शेतात पिकणारं किती? धणे, हळद आणि मिरची. खसखस माळव्याकडची, खोबरं किनाऱ्यावरचं, मिरे-लवंगा दक्षिणेतल्या. हे सारं इतवारीत, मस्कासाथच्या ठोक बाजारात येऊन पडायचं, अजूनही पडतं. शहर देशाच्या मध्यावर असल्याची बढाई आपण फार मारतो, पण तिचा खरा उपयोग मसाल्याच्या डब्यात दिसतो.

मिरची तर पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आपल्याकडं आली. म्हणजे त्याआधी तिखट होतं ते मिरे, सुंठ आणि पिंपळीचं. सावजी मसाल्यातून मिरे आणि सुंठ कधी गेले नाहीत, मिरची त्यांच्यावर येऊन बसली. म्हणून हे तिखट दोन टप्प्यांत लागतं. आधी जिभेवर मिरची, मग घास गिळल्यावर घशात मिरे. मिरची भिवापूरची, उमरेडच्या पुढं त्याच रस्त्यावर भिवापूर. रंगाला लालभडक, आता तिला भौगोलिक मानांकनही आहे. टोमॅटो मात्र नाही. सावजी रश्श्यात टोमॅटो दिसला तर आजींच्या सुनेनंही नाक मुरडलं असतं, आणि ती पुण्याची आहे.

सगळ्यात मोठा बदल झाला तो तेलात, आणि त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. जुना सावजी रस्सा जवसाच्या तेलाचा. विदर्भात जवस रब्बीचं नेहमीचं पीक होतं. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत आली तसं इथलं जवस मुंबईमार्गे विलायतेला जाऊ लागलं, तिथं ते रंग आणि रोगणात वापरलं जाई. जवसाच्या तेलाचा गुणच तो, हवा लागली की वाळून पापुद्रा धरतं. ज्या तेलानं तिकडं दारं-खिडक्या रंगल्या त्याच तेलानं इकडं रस्सा रंगला. पण घाण्यावरून आणलेलं तेल लवकर वापरावं लागतं; ठेवलं तर खवट होतं. आणि ते तसंच्या तसं फोडणीला चालत नाही. आजी गंजात तेल ओतून धूर निघेपर्यंत तापवायच्या, मग गंज उतरवून थोडं निवू द्यायच्या, पुन्हा चढवायच्या. त्याला त्या तेल कडवणं म्हणत. त्या वासानं गल्लीतली कुत्री जागी होत. ते तेल पुढं महाग पडायला लागलं, घाणे बंद झाले, शेंगदाण्याचं तेल आलं, मग १९९० च्या आसपास विदर्भभर सोयाबीन पसरलं आणि तेलही सोयाबीनचंच झालं. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसावर संशोधन अजून चालतं, पण आपल्या स्वयंपाकघरात जवस उरलं ते चटणीपुरतं. माझ्या मते सावजी रस्सा निम्मा तिथंच बदलला. बाकीचा निम्मा हॉटेलात बदलला.

हॉटेलची गोष्ट गिरण्यांपासून सुरू होते. १८५३-५४ मध्ये भोसल्यांचं राज्य खालसा झालं, दरबाराची गिऱ्हाइकी गेली. १ जानेवारी १८७७ रोजी, राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची घोषणा झाली त्याच दिवशी, जमशेटजी टाटांची कापड गिरणी नागपुरात सुरू झाली. म्हणूनच तिला एम्प्रेस मिल म्हणू लागले. स्वस्त मिलचं कापड आलं आणि हातमागाला उतरती कळा लागली. बरेच विणकर माग सोडून मिलमध्ये गेले. हात तेच, धागा तोच, पण आता भोंग्यावर उठायचं. पाळीच्या नोकरीमुळं एक नवी गरज उभी राहिली: पाळी सुटल्यावर घराबाहेर जेवणाऱ्या माणसांची. पुढं यंत्रमाग आले, हातमागावर पोट भरेना, आणि मग काही कोष्टी घरांनी पुढच्या खोलीत दोन बाकडी टाकली. मागे घरातल्या बायका रांधणार, पुढं सावजी वाढणार. पाटी लागली, सावजी भोजनालय. एम्प्रेस मिल २००२ साली बंद पडली, पण त्या पाट्या काही उतरल्या नाहीत.

इथं एक छोटी गोष्ट नीट बघायला हवी. मिरचीचा रंग आणि जाळ, दोन्ही पाण्यात नाही, तेलात उतरतात. रस्सा शिजत आला की तेल वर येतं आणि ते सगळं तिखट स्वतःबरोबर वर घेऊन येतं. तीच तर्री. म्हणजे गंजात वरच्या पळीतला रस्सा आणि तळाच्या पळीतला रस्सा हे दोन वेगवेगळे पदार्थ असतात. आजींचं वाढणं यावर चालायचं. आधी पळीच्या पाठीनं तर्री बाजूला सारायची, खालचा रस्सा लहान पोरांच्या ताटात, पोळी कुस्करून. मग मधला बायका आणि म्हाताऱ्यांना. आणि शेवटी काकांना, त्यांच्या मित्रांना तर्री, वरून सांभार, म्हणजे कोथिंबीर. एकच गंज, चौदा माणसं, आणि प्रत्येकाचं तिखट वेगळं. मी एकदा हट्टानं तर्री मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, ''मिसरूड फुटू दे पोरा, मंग देतो. तर्री कुठं पळून चालली?''

भोजनालयात हे जमण्यासारखं नव्हतं. तिथं यायचे ते बहुतेक पुरुष, संध्याकाळी, बरेचदा थोडी घेऊन आलेले. त्यांना वरची पळीच हवी. मग तेल वाढलं, तिखट वाढलं, आणि बाहेरच्यांनी तीच चव सावजी म्हणून ओळखली. हॉटेलांनी वरची पळी विकली आणि तळाची घरी राहिली, असं मला वाटतं. यात हॉटेलवाल्यांना दोष नाही. मांसाहार न करणाऱ्यांसाठी त्यांनीच डाळकांदा आणि पाटवडीचा रस्सा त्याच मसाल्यात लोकप्रिय केला, हे पुण्यच आहे. पण जो पहिल्यांदा सावजी खातो आणि दुसऱ्या दिवशी पोट धरून बसतो, त्याला या रश्श्यात मुलं जेवायची हे सांगितलं तर तो हसतो.

घरी करायचा तर घाई करू नये. कुकरमध्ये मटण शिजतं, पण तर्री नीट येत नाही. शिट्टीच्या दाबात तेल आणि पाणी घुसळून एकजीव झालेलं असतं. कुकरच वापरायचा तर मटण शिजल्यावर झाकण काढून अर्धा तास तसाच मंद उकळू द्यावा. खडे मसाले एकत्र भाजू नयेत. खसखस आणि लवंग एकाच वेळी भाजून होत नाहीत, एक कच्ची राहते किंवा दुसरी जळते. आजींचं वाक्य होतं, ''जळला तं रस्सा कडू, कच्चा राह्यला तं पोट दुखते.'' कांदा पोळपाटावर ठेचून तव्यावर काळपट होईपर्यंत भाजायचा. वाटण तेलात टाकल्यावर ते गंजाच्या कडा सोडेपर्यंत सराट्यानं (उलथन्यानं) हलवत राहायचं, हात दुखला तरी. मग अद्रक-लसूण, तिखट, मटण, आणि पाणी घालायचं ते उकळतंच. गार पाणी घातलं तर तर्री रुसते, असं त्या म्हणत. ते खरं आहे की समजूत, मी कधी तपासून बघितलं नाही. गार पाणी घालायची हिंमतच झाली नाही.

गेल्या करीला मी आमच्या फ्लॅटमध्ये गॅसवर गंज चढवला. जवसाचं तेल शोधायला दोन दिवस लागले. ते कडवताना वरच्या मजल्यावरच्या काकू खाली येऊन विचारून गेल्या, काही जळतंय का. सव्वा किलो मटण, खाणारे सहा, म्हणून रस्सा आजींच्या मानानं दाटच झाला. धाकटीला तळातली पळी वाढली, तिनं पोळी कुस्करली आणि दुसऱ्यांदा मागितली. थोरला चौदा वर्षांचा, ओठांवर नुकती लव आलेली. त्यानं ताट पुढं केलं आणि गंजातल्या तर्रीकडं बोट दाखवलं.