छपराखालची हरळी

1965 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात ॲस्ट्रोडोम हे स्टेडियम सुरू झालं. बाहेर टेक्ससचा दमट उकाडा, आत वातानुकूलित हवा, डोक्यावर अखंड छप्पर आणि खाली बेसबॉलसाठी खरं गवत. गवताला ऊन मिळावं म्हणून छपरात ॲक्रिलिकच्या साडेचार हजारांहून जास्त अर्धपारदर्शक तावदानांची सोय होती. खेळाडू आत उतरल्यावर भलतीच अडचण निघाली. उंच उडालेला चेंडू त्या लखलखाटात दिसेचना. रंगीत चेंडू वापरून पाहिले, गॉगल लावून पाहिले, शेवटी तावदानंच रंगवली. चेंडू दिसू लागला आणि गवत मेलं. उरलेला हंगाम वाळक्या गवताला आणि मातीला हिरवा रंग फासून काढला. पुढच्या वर्षी तिथे मोन्सँटो कंपनीचा नायलॉनचा गालिचा अंथरला गेला आणि स्टेडियमवरून त्याचं नाव पडलं ॲस्ट्रोटर्फ.

खरं गवत की कृत्रिम, या वादात हल्ली गुडघे येतात, पैसा येतो, पर्यावरण येतं. सगळेच मुद्दे खरे आहेत. पण गवत पहिल्यांदा हरलं ते उजेडावर, आणि आजही बहुतेक ठिकाणी तिथेच हरतं.

ॲस्ट्रोडोममध्ये मेलेल्या गवताचं वाण होतं टिफवे 419. ही संकरित हरळी. तिच्या दोन पालकांपैकी एक म्हणजे आपण गणपतीला वाहतो तीच दूर्वा, जिला शेतकरी कुंद्याच्या जोडीनं शिव्या देतो. दुसरी बारीक पात्याची आफ्रिकी हरळी. दोघींच्या गुणसूत्रांची संख्या वेगवेगळी, त्यामुळे संकराला बी धरत नाही. उसासारखे तुकडे लावूनच ते वाढवावं लागतं. जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन इथल्या ग्लेन बर्टन यांनी हे वाण 1960 मध्ये दिलं. बर्टन यांचं नाव आपल्याकडे खरं तर बाजरीमुळे ठाऊक असायला हवं. त्यांच्याकडून आलेल्या टिफ्ट 23ए या नरवंध्य (स्वतःचे परागकण न धरणाऱ्या) बाजरीवरून लुधियानात एचबी-1 ही भारतातली पहिली संकरित बाजरी तयार झाली, तीही 1965 मध्येच. एकाच शास्त्रज्ञाचं एक गवत ह्यूस्टनमध्ये मान टाकत होतं, त्याच वर्षी दुसरं आपल्या शेतांत उतरत होतं. बाजरी हेही शेवटी गवतच.

हरळी, बाजरी, ज्वारी, मका, ऊस ही सगळी मंडळी वनस्पतिशास्त्रात सी-4 गटात मोडतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड आधी पानातल्या विशिष्ट पेशींत गोळा करायचा आणि मग त्याची साखर बनवायची, अशी त्यांची दुहेरी व्यवस्था असते. कडक उन्हात ही व्यवस्था फार किफायतशीर ठरते, पण ती चालवायलाच जादा ऊर्जा लागते. सावलीत तो खर्च परवडत नाही. पाती लांबट आणि लेचीपेची होतात, सरपटणारी खोडं पसरायची थांबतात, मधे मधे माती दिसू लागते.

परसातल्या हरळीला हे चालून जाईल. मैदानावरच्या गवताला दर सामन्यात तुडवलं, उपटलं जातं. गवताची वाढ शेंड्याकडून न होता जमिनीलगतच्या भागातून होते, म्हणून कापणी त्याला सोसते. हरळी तर जमिनीखालच्या खोडांतूनही पुन्हा फुटते; याच गुणापायी शेतकरी तिला वैतागतो आणि याच गुणासाठी ग्राउंड्समन तिला निवडतो. मात्र जखम भरायला साखर लागते, आणि साखरेला ऊन. उंच प्रेक्षागृहं आणि मोठी छपरं असलेल्या स्टेडियममध्ये नेमकं तेच मिळत नाही.

प्लास्टिकला ऊन नको, विश्रांती नको. हॉकीत तर त्याचा निर्विवाद विजय झाला. 1975 मध्ये क्वालालंपूरच्या गवतावर भारतानं विश्वचषक जिंकला. पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि भारत सातवा आला. सगळा दोष मैदानाला देणं ही पळवाट होईल, पण चेंडू कुठे उसळेल याचा अंदाज बांधत खेळण्याचं कसब एकदम स्वस्त झालं, हे खरं. पाणी मारलेल्या सपाट गालिच्यावर चेंडू सुसाट आणि सरळ जातो. छोट्या कठीण चेंडूच्या खेळाला ते मानवलं.

फुटबॉलला नाही मानवलं. लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्स या क्लबनं 1981 मध्ये असा गालिचा टाकला. चेंडू वाटेल तसा उसळे, घसरलेल्या खेळाडूची कातडी सोलून निघे. आताचं कृत्रिम गवत बरंच सुधारलेलं आहे. लांब मऊ धागे आणि त्यांच्या मधे वाळू व जुन्या टायरांचा चुरा. तरी गुडघ्याचा प्रश्न राहतोच.

खेळाडू भरधाव धावताना झटकन वळतो तेव्हा बुटाचे स्टड जमिनीत रुतलेले असतात. खरं गवत त्यांना एका मर्यादेपर्यंत धरून ठेवतं. त्यापुढे मुळांसकट ढेकूळ निघतं आणि पाय सुटतो. गुडघ्याला बसणारा पीळ माती उपटण्यात खर्ची पडतो. प्लास्टिकचे धागे मात्र खालच्या चटईत घट्ट विणलेले असतात. अमेरिकन फुटबॉल या वेगळ्याच खेळाच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या 2012 ते 2016 च्या हंगामांचा अभ्यास झाला, तेव्हा कृत्रिम मैदानावर पायाच्या दुखापतींचं प्रमाण 16 टक्क्यांनी जास्त निघालं. आपल्या ओळखीच्या फुटबॉलमधले निष्कर्ष इतके एकमुखी नाहीत, आणि उखडलेलं खरं मैदानही तितकंच घातक असतं. सप्टेंबर 2023 मध्ये न्यू जर्सीच्या मेटलाइफ स्टेडियममधल्या कृत्रिम गवतावर एनएफएलमधला नामवंत खेळाडू ॲरन रॉजर्स याच्या टाचेची शीर तुटली आणि वाद पुन्हा पेटला. एका दुखापतीवरून काही सिद्ध होत नाही, पण खेळाडू कुठल्या बाजूला आहेत ते तेव्हा सगळ्यांना कळलं.

उष्णतेच्या बाबतीत मात्र दुमत व्हायला जागा नाही. गवत घाम गाळतं. फुटबॉलच्या 105 बाय 68 मीटरच्या मैदानातून कडक उन्हाच्या दिवशी 4 मिलिमीटर पाण्याची वाफ झाली असं धरा. म्हणजे साधारण साडेअठ्ठावीस हजार लिटर पाणी. एका लिटरची वाफ व्हायला सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता लागते. हिशेब केला तर 19 हजार युनिट विजेइतकी उष्णता ते मैदान एका दिवसात गुपचूप उडवून लावतं. प्लास्टिककडे ही सोयच नाही. अमेरिकेतल्या ब्रिगम यंग विद्यापीठाच्या कृत्रिम मैदानाचं 2002 मध्ये मोजमाप झालं, तेव्हा हवा 37 अंश सेल्सियसच्या आसपास असताना पृष्ठभाग 93 अंशांपर्यंत गेला होता. पुण्या-नाशकात तासावर भाड्यानं मिळणाऱ्या टर्फवर एप्रिलच्या दुपारी अनवाणी पाऊल टाकून पाहिलेल्यांना हे पटवून द्यायला नको. (टायरच्या चुऱ्याचे दिवसही भरत आले आहेत. सूक्ष्म प्लास्टिक म्हणून युरोपीय संघानं 2023 मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी ठरवली, ती 2031 पासून लागू होईल.)

मग छपराखाली खरं गवत जगवताच येत नाही का? येतं, पण त्याला पीक समजावं लागतं. 1994 च्या फुटबॉल विश्वचषकात डेट्रॉइटजवळच्या सिल्व्हरडोम या बंदिस्त स्टेडियममध्ये सामने होते. मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या ट्रे रॉजर्स यांच्या चमूनं षटकोनी साच्यांमध्ये गवत बाहेर उन्हात वाढवलं, साचे आत नेऊन एकमेकांना जोडले, आणि बंदिस्त छपराखाली विश्वचषकाचे सामने पहिल्यांदा गवतावर झाले.

त्यांचेच विद्यार्थी जॉन सोरोचन टेनेसी विद्यापीठात आहेत. 2026 च्या विश्वचषकाच्या मैदानांचं संशोधन या गुरुशिष्यांकडेच आलं. 16 पैकी 8 स्टेडियममध्ये एरवी कृत्रिम गवत, आणि 5 स्टेडियमना छप्पर. छपराखाली त्यांनी हरळीचा हट्ट सोडला. ह्यूस्टनसारख्या उष्ण शहरातही थंड प्रदेशातलं ब्लूग्रास आणि रायग्रास निवडलं, कारण गहू-भाताप्रमाणे सी-3 गटातली, म्हणजे ती खर्चिक दुहेरी व्यवस्था नसलेली, ही गवतं कमी उजेडात तग धरतात. शिवाय वातानुकूलनामुळे आत उन्हाळा नसतोच. वर वाढीसाठीचे दिवे. गवत शेतात प्लास्टिकच्या कापडावर वाढवायचं, म्हणजे मुळं खाली न जाता आडवी गुंफली जातात आणि गुंडाळी उचलताना तुटत नाहीत. उरलेला आधार मातीत शिवलेले थोडे कृत्रिम धागे देतात. हे सगळं घाईत उरकलं की काय होतं ते 2024 च्या कोपा अमेरिका या फुटबॉल स्पर्धेत अटलांटाला दिसलं. सलामीच्या सामन्याआधी काही दिवस तिथे गवत आणून अंथरलं होतं. अर्जेंटिनानं सामना जिंकला, तरी त्यांचा गोलरक्षक एमिलियानो मार्टिनेझ मैदानावर तोंडसुख घेऊनच बाहेर पडला.

एनएफएलचे खेळाडू आता साधा प्रश्न विचारतात: पाहुण्या फुटबॉलपटूंसाठी महिनाभर जे जमतं ते आमच्यासाठी हंगामभर का नाही? गवताच्या बाजूनं याचं उत्तर तयार आहे. अडतं कॅलेंडरपाशी. मेटलाइफवर दोन संघांचे सामने, वर मोठमोठ्या गाण्यांच्या मैफली, मंचाचे ट्रक. गवताला मधे चार दिवस मोकळे हवेत, आणि मोकळ्या दिवसाचं तिकीट विकता येत नाही. लंडनमध्ये 2019 साली सुरू झालेल्या टॉटनहॅम या फुटबॉल क्लबच्या स्टेडियमनं त्यावर महागडा तोडगा काढलाय. तिथलं गवताचं मैदान तीन तुकड्यांत विभागून प्रेक्षागृहाखाली सरकतं आणि खालून दुसरं मैदान उघडं होतं. ते दुसरं मैदान कृत्रिम गवताचं आहे, आणि ते केलंय एनएफएलसाठी.