एक पॉट, दोन बोर्ड: ‘रन इट ट्वाइस’ची पार्श्वभूमी

पोकरमध्ये ऑल-इन झालं, म्हणजे सगळ्या चिप पणाला लागल्या, की बोर्डवरचे (टेबलावरच्या सामाईक पत्त्यांतले) उरलेले पत्ते दोनदा उघडायचे आणि पॉट, म्हणजे डावात जमलेले पैसे, दोन निकालांत अर्धे अर्धे वाटायचे, याला ‘रन इट ट्वाइस’ म्हणतात. ही पद्धत टूर्नामेंटमध्ये रुजली नाही. तिथे कुणीतरी बाद व्हावंच लागतं, आणि अर्धा अर्धा निकाल लावला तर स्पर्धा पुढे सरकत नाही. कॅश गेममध्ये चिपची किंमत म्हणजे तिच्यासाठी मोजलेले पैसे. अर्धा पॉट परत घेऊन कुणी टेबलावरून उठला तरी त्याला अडवणारा कुणी नसतो. म्हणून ही पद्धत वाढली ती मोठ्या पैशांच्या कॅश टेबलांवर.

एका पत्त्यावर सगळा पॉट जाईल, ही भीती जुनीच. त्याआधी तिच्यावरचा तोडगा इन्शुरन्स, म्हणजे विमा, होता. ऑल-इन झाल्यावर पुढे असलेला खेळाडू तिसऱ्याशी बाजूची पैज लावायचा: मी हरलो तर तू मला इतके द्यायचे. यात विमा देणारा स्वतःचा नफा धरूनच भाव सांगायचा. बोर्ड दोनदा उघडला तर मधे कुणाचा वाटाच राहत नाही. मला वाटतं, ही पद्धत टिकली त्याचं खरं कारण हेच.

2003 नंतर नो-लिमिट होल्डेमची, म्हणजे हाती दोन पत्ते, बोर्डवर पाच आणि बोलीला मर्यादा नसलेल्या पोकरची, लाट आली. 2006 पासून मोठ्या कॅश गेमची टीव्ही मालिका सुरू झाली, आणि लाखोंचा पॉट दोन बोर्डांवर वाटला जाताना लोकांनी पहिल्यांदा पाहिला. पुढे ऑनलाइन टेबलांवर हा पर्याय सेटिंगमध्ये आला. दोघांनीही तो चालू ठेवला असेल तरच लागू, असा साधा नियम होता. घरगुती डावांत तो आला तो हे पाहूनच, पण नियम मात्र पूर्ण आले नाहीत. पत्ते वाटणारा खेळाडूच असतो, लिहिलेलं काही नसतं, आणि वाद नेमका पॉट मोठा असताना पेटतो.

सर्वांत जास्त वाजतं ते एकाच प्रश्नावर: दुसऱ्या बोर्डाआधी पहिल्या बोर्डाचे पत्ते कॅटमध्ये परत घालून पिसायचे की नाही?

एक हात घेऊ. टर्नपर्यंत, म्हणजे चौथ्या पत्त्यापर्यंत, बोर्डवर बदाम दश्शी, बदाम चौकी, इस्पिक राजा, किलवर दुर्री. एकाकडे इस्पिक एक्का आणि किलवर राजा, दुसऱ्याकडे बदाम अठ्ठी आणि बदाम सत्ती. दोघे ऑल-इन, पत्ते उघडे. न दिसलेले पत्ते 44, त्यांत बदाम 9. पहिल्याची राजांची जोडी पुढे आहे; पाच बदामं जुळवायला दुसऱ्याला बदामच हवं. वाटणारा एक पत्ता जाळतो, म्हणजे न दाखवता बाजूला ठेवतो, आणि रिव्हर, म्हणजे पाचवा आणि शेवटचा पत्ता, उघडतो: बदाम राणी. अर्धा पॉट बदामवाल्याकडे सरकतो. ती राणी थोडी वर ठेवली जाते, पुन्हा एक पत्ता जाळला जातो, आणि तिच्याखाली दुसरा रिव्हर पडतो.

बदामवाल्याची तक्रार इथेच येते: माझं एक बदाम खर्च झालं, आता 43 पत्त्यांत 8च उरली, मला कमी संधी मिळाली. या हातापुरतं ते खरं आहे. पण पहिला रिव्हर बदाम नसता, तर दुसऱ्या वेळी 43 पत्त्यांत 9 बदामं असती, म्हणजे संधी थोडी वाढली असती. दोन्ही शक्यता त्यांच्या वजनासकट एकत्र केल्या की दुसऱ्या रिव्हरची संधी बरोबर 44 पैकी 9च येते, पहिल्याइतकीच. कॅटमधला वरून दुसरा पत्ता आणि चौथा पत्ता यांत भेदभाव नसतो, एवढाच याचा अर्थ.

बदलतो तो फक्त चढउतार. एकदाच उघडलं तर बदामवाला 79.5 टक्के वेळा रिकाम्या हाताने उठतो. न पिसता दोनदा उघडलं तर 62.9 टक्के वेळा रिकामा, 33.3 टक्के वेळा अर्धा पॉट आणि 3.8 टक्के वेळा पूर्ण. मधे पिसलं तर हेच आकडे 63.3, 32.5 आणि 4.2 होतात. सरासरी वाटा तिन्ही रीतींत तोच. म्हणजे पिसण्यातून मिळतं काय, तर ज्या चढउतारासाठी दोनदा उघडलं तोच थोडा परत येतो. शिवाय उघडे पत्ते गोळा करून, डाव अर्धवट असताना कुणाच्या तरी हातात कॅट द्यायचा. एखादा पत्ता चुकून उलटा गेला, किंवा कुणी कॅटचा तळ पाहिला, तर त्या रात्री तो पॉट मिटत नाही. न पिसणंच योग्य, याबद्दल मला शंका नाही.

हक्काचा खरा फरक पडतो तो एखाद्या खेळाडूला एकच पत्ता वाचवू शकत असेल तेव्हा. न पिसता दोनदा उघडून त्याला पूर्ण पॉट कधीच मिळू शकत नाही. अर्धा मिळण्याची संधी मात्र दुप्पट होते. मधे पिसलं तर तो पूर्ण पॉटही जिंकू शकतो, म्हणून पिसायचा आग्रह बहुधा त्याच्याच बाजूने येतो.

ओमाहा या पोकरच्या दुसऱ्या प्रकारात हाती चार पत्ते असल्यामुळे दोघांच्या संधी बऱ्याचदा जवळजवळ सारख्या असतात. तिथे तीनदाही उघडतात, आणि न वाटल्या जाणाऱ्या शेवटच्या चिपचा निर्णय आधी करावा लागतो.

अलीकडे एक शब्दगोंधळही वाढला आहे. डबल बोर्ड बॉम्ब पॉट या वेगळ्या डावात दोन फ्लॉप, म्हणजे बोर्डवरचे पहिले तीन तीन पत्ते, सुरुवातीलाच पडतात आणि बोली दोन्ही बोर्ड पाहून लागते. ‘रन इट ट्वाइस’मध्ये दुसरा बोर्ड येतो तो बोली संपल्यावर, तोही संमतीने. आणि ती संमती पुढचा पत्ता उघडायच्या आधी घ्यायची असते. पहिला रिव्हर पाहून ‘आता दुसरा काढू’ म्हणणाऱ्याला नकार द्यायचा पूर्ण हक्क समोरच्याला आहे.