हॉटेलमधील अनिवार्य खोली-तपासणी

हॉटेलात किंवा रिसॉर्टमध्ये उतरलेल्या पाहुण्याच्या खोलीत ठरावीक मुदतीत एकदा तरी कर्मचाऱ्याने शिरून नजर टाकायची, मग दारावर ‘डू नॉट डिस्टर्ब’ची पाटी असो वा नसो, अशी पद्धत. मुदत बहुधा २४ तासांची असते. पाहुण्याच्या सोयीने होणारी रोजची साफसफाई वेगळी आणि वॉरंट घेऊन आलेले पोलीस वेगळे. इथे पाहुण्याने कोणाला बोलावलेले नसते आणि त्याच्यावर कसला संशयही नसतो. ऑक्टोबर २०१७ नंतर अमेरिकेतील लास व्हेगास आणि ऑरलँडो येथल्या मोठ्या रिसॉर्टांनी ही पद्धत लेखी नियम म्हणून लागू केली. त्याआधीही पाटी फार वेळ तशीच राहिली तर खोली उघडून पाहत, पण कधी उघडायची हे बहुतेक ठिकाणी मॅनेजरच्या अंदाजावर असे.

पाटीमागचा जुना रिवाज

हाउसकीपिंग खात्यात प्रत्येक खोलीची स्थिती दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा लिहिली जाते. सकाळी मजल्यावरचा सुपरवायझर कागद घेऊन फिरतो आणि खोलीच्या नंबरापुढे ऑक्युपाइड (भरलेली), व्हेकंट (रिकामी), डीएनडी (‘डू नॉट डिस्टर्ब’), डबल लॉक (आतून दुहेरी कुलूप) असे शेरे मारतो. ही यादी फ्रंट ऑफिसच्या नोंदीशी ताडून पाहतात. जिथे जुळत नाही तिथे चौकशी सुरू होते. खोली घेतली आहे पण बिछान्यावर कोणी झोपलेलेच नाही, हा ‘स्लीप आउट’. बिल न भरता सटकलेला ‘स्किपर’. आणि ज्याचे सामान इतके किरकोळ की पळून गेला तर अडवून ठेवायला काही नाही, तो ‘स्कँटी बॅगेज’. त्याच्यावर पहिल्या दिवसापासून डोळा ठेवतात. थोडक्यात, खोलीत डोकावण्याची सवय हॉटेलांना सुरक्षेच्या आधी बिलाच्या काळजीने लागली असावी.

दुसरे कारण तब्येतीचे. दुपार टळली आणि पाटी जागची हलली नाही, तर आधी खोलीत फोन लावतात. कोणी उचलला नाही तर ड्यूटी मॅनेजर आणि सुरक्षारक्षक वर जातात. बोटांच्या पेरांनी टकटक, मोठ्याने ‘हाउसकीपिंग’, थोडे थांबून पुन्हा तेच, असे तीनदा. मग मास्टर की. आतून डबल लॉक असेल तर इमर्जन्सी की, जी एरवी तिजोरीबंद असते आणि सही केल्याशिवाय हाती लागत नाही. हॉटेलात माणसे बाथरूममध्ये पडतात, हृदयविकाराने जातात, काही जण जीव द्यायलाच खोली घेतात. माहितीपत्रकात हे छापलेले नसते, पण जुन्या नाइट मॅनेजरला विचारले की एकदोन किस्से निघतातच.

लास व्हेगास, २०१७

१ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री लास व्हेगासमधील मँडले बे हॉटेलच्या ३२ व्या मजल्यावरून एका पाहुण्याने समोरच्या मैदानातील संगीत महोत्सवावर गोळीबार केला. सुमारे दहा मिनिटांत हजाराहून अधिक गोळ्या झाडल्या गेल्या. ५८ जण मारले गेले. पुढे जखमांनी आणखी दोघे दगावल्यावर आकडा ६० झाला. हा माणूस २५ सप्टेंबरपासून तिथे राहत होता. बंदुका आणि दारूगोळा त्याने थोडा थोडा करून वीसहून अधिक बॅगांतून वर नेला. त्यातल्या काही फेऱ्यांना हॉटेलच्याच बेलमनने हात लावला आणि सर्व्हिस लिफ्टही वापरू दिली. खोल्यांत नंतर वीसहून अधिक बंदुका सापडल्या.

चर्चा लगेच पाटीभोवती फिरू लागली. महिना-दोन महिन्यांत हिल्टनने आपल्या हॉटेलांना कळवले की पाटी सलग २४ तास राहिली तर कर्मचाऱ्यांनी सुरक्षा विभागाला किंवा ड्यूटी मॅनेजरला कळवावे. डिसेंबर २०१७ मध्ये फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डने मोनोरेलच्या मार्गावरील हॉटेलांपासून सुरुवात करून जुनी पाटीच काढून टाकली आणि ‘रूम ऑक्युपाइड’ लिहिलेली नवी लावली. ही पाटी खोलीत माणूस आहे एवढेच सांगते. आत येऊ नका असे म्हणत नाही. दिवसातून एकदा तरी खोलीत शिरण्याचा हक्क डिस्नेने राखून ठेवला. २०१८ च्या सुरुवातीला सीझर्स कंपनीने लास व्हेगासमधल्या आपल्या हॉटेलांत हाच २४ तासांचा नियम केला.

या नियमांविषयी एक अडचणीची गोष्ट मात्र नोंदवायलाच हवी. मँडले बेची मालक कंपनी एमजीएमने २०१८ मध्ये जाहीर केले, की त्या पाहुण्याच्या मुक्कामात कर्मचाऱ्यांचा त्याच्याशी संपर्क आला किंवा ते त्याच्या खोलीत गेले, असे दहाहून अधिक वेळा घडले होते. म्हणजे बंद दाराआड कोणी शिरलेच नाही, असे झाले नव्हते. माणसे जात होती, आणि सामान बॅगांत होते. नव्या नियमातही कर्मचाऱ्याने कपाट, खण किंवा बॅग उघडायची नसते. तो दारातून दोन पावले आत येतो, टीव्ही, खिडकी, बाथरूम पाहतो, तुटफूट, धूर, ठरल्यापेक्षा जास्त माणसे किंवा उघड्यावर ठेवलेले शस्त्र दिसते का ते बघतो आणि जातो. शस्त्र बॅगेतून नेणाऱ्याला ही तपासणी कशी अडवणार, याचे समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

खटल्यांचे गणित लक्षात घेतले की नियमाचा दुसरा उपयोग दिसतो. जुलै २०१८ मध्ये एमजीएमने पीडितांपैकी हजाराहून अधिक जणांविरुद्ध उलटा दावा लावला. आपण उत्तरदायी नाही असे न्यायालयाने जाहीर करावे, ही मागणी होती, आणि त्यावरून कंपनीवर सडकून टीका झाली. अखेर २०२० मध्ये ८० कोटी डॉलरच्या तडजोडीला न्यायालयाची मान्यता मिळाली. बहुतेक पैसा विमा कंपन्यांकडून आला. अशा वेळी ‘आम्ही रोज खोली पाहत होतो’ अशी तारीख-वेळेची नोंद हाती असणे कोणत्याही हॉटेलला मोलाचे. इलेक्ट्रॉनिक कुलूप ती नोंद आपोआप ठेवते: कोणते कार्ड, किती वाजता.

दाराबाहेर उभा कोण?

नियमाचा सर्वांत गाजलेला वाद ऑगस्ट २०१८ मध्ये झाला. डेफ कॉन हे संगणक-सुरक्षेतल्या लोकांचे मोठे वार्षिक संमेलन तेव्हा सीझर्सच्या हॉटेलांत भरत असे. सुरक्षारक्षक दार ठोठावून आत शिरत होते. एकट्या राहणाऱ्या काही स्त्रियांनी सांगितले की आलेला माणूस खरोखर हॉटेलचा आहे की नाही हे ताडून पाहायला वावच दिला गेला नाही. कपडे बदलत असताना माणूस आत आल्याचीही तक्रार होती. काहींची सोल्डरिंग आयर्नसारखी (तारा जोडण्याची तापती सळई) अवजारे उचलून नेल्याचे सांगण्यात आले. पडदा, गादी आणि गालिचा असलेल्या खोलीत तापणारे अवजार नको, हे हॉटेलचे म्हणणे समजण्यासारखे आहे. विषय शस्त्रांचा होता, हे मात्र तोवर मागे पडले होते.

गणवेशाची नक्कल करता येते, हे त्या संमेलनातल्या लोकांइतके दुसऱ्या कोणाला माहीत असणार? अनोळखी माणसाला दार उघडण्याआधी रिसेप्शनला फोन करून खात्री करा, हा सल्ला हॉटेले स्वतःच वर्षानुवर्षे देत आली आहेत. अनिवार्य तपासणीत तोच सल्ला पाळणारी पाहुणी असहकार करणारी ठरते. ओळखपत्र साखळीच्या फटीतून दाखवणे, दोघांनी मिळून येणे, आधी फोन करणे, हवी ती वेळ पाहुण्याला निवडू देणे हे उपाय फारसे खर्चिक नाहीत. ते होतात की नाही हे त्या त्या हॉटेलच्या शिस्तीवर आहे.

कायद्यातली स्थिती

अमेरिकेत हॉटेलच्या खोलीला राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीचे, म्हणजे मनमानी सरकारी झडतीपासूनचे, संरक्षण आहे, घराला असते तसेच. १९६४ च्या स्टोनर विरुद्ध कॅलिफोर्निया खटल्यात पोलिसांनी पोमोना शहरातल्या एका हॉटेलच्या रात्रपाळीच्या कारकुनाची परवानगी घेऊन, वॉरंट नसताना पाहुण्याची खोली उघडली होती. पाहुणा बाहेर होता. आत दरोड्यातला चष्मा, जाकीट आणि पिस्तूल सापडले. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली: हा हक्क पाहुण्याचा, त्याच्या वतीने तो सोडून द्यायचा अधिकार कारकुनाला नाही. २०१५ मध्ये लॉस एंजेलिस विरुद्ध पटेल खटल्यात, मागताक्षणी हॉटेलचे रजिस्टर पोलिसांना दाखवण्याची सक्ती करणारा शहराचा नियम याच न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी घटनाबाह्य ठरवला. दाद मागणारे मोटेलवाले गुजराती होते. अमेरिकेतल्या मोटेलांच्या धंद्यात पटेल आडनाव नवलाचे नाही.

पण स्टोनर निकालातच म्हटले आहे, की खोली घेणारा माणूस झाडलोट करणाऱ्या, दुरुस्ती करणाऱ्या माणसांना त्यांच्या कामापुरती आत यायची मुभा गृहीतच देतो. अनिवार्य तपासणी याच फटीतून आत येते. चेक-इनच्या वेळी सही केलेल्या अटींत हॉटेल ती मुभा रुंद करून घेते. त्यामुळे पाहुण्याचा खासगीपणा सरकारपुढे भक्कम आणि मालकापुढे तकलादू, अशी उफराटी स्थिती आहे. तपासणी पोलिसांच्या सांगण्यावरून झाली तर मात्र ती सरकारी झडतीच मानली जाऊ शकते. आणि मुदत संपल्यावर किंवा नियमभंगासाठी हॉटेलने पाहुण्याला रीतसर काढून टाकले, की त्या खोलीवरचा त्याचा हक्कही संपतो.

ज्यांना आत पाठवतात ते

खोलीत शिरणारी व्यक्ती बहुधा एकटी बाई असते, हे वादात विसरले जाते. दाराआड काय आहे हे तिलाही माहीत नसते. पाहुण्यांकडून होणाऱ्या छळाच्या तक्रारींनंतर सिॲटलच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये आणि शिकागोच्या नगर परिषदेने ऑक्टोबर २०१७ मध्ये हॉटेल कामगारांना धोक्याच्या वेळी दाबायचे बटण देणे बंधनकारक केले. कोविडनंतर आणखी एक उलटफेर झाला. खर्च वाचतो म्हणून अनेक हॉटेल-कंपन्यांनी रोजची साफसफाई मागितली तरच, अशी केली. साफसफाई बंद, तपासणी चालू, असे चित्र त्यातून तयार झाले. लास व्हेगासच्या कलिनरी वर्कर्स युनियन या हॉटेल कामगारांच्या संघटनेने नोव्हेंबर २०२३ च्या करारांत रोजची साफसफाई पुन्हा मिळवली. त्यात नोकऱ्यांचा प्रश्न तर होताच, पण तीन दिवस न झाडलेली खोली एका पाळीत साफ करण्याचे कष्टही होते.

भारतात

भारतात २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर तपासणी खोलीत आली नाही, दारावर आली. ताज महाल पॅलेस आणि ट्रायडंट-ओबेरॉयवरील हल्ल्यानंतर गाडीखाली आरसा, डिकी उघडणे, बॅग एक्स-रे यंत्रातून आणि माणूस धातुशोधक चौकटीतून जाणे मोठ्या हॉटेलांत नेहमीचे झाले. हल्ल्याची टेहळणी करणारा डेव्हिड हेडली ताजमध्ये पाहुणा म्हणून राहून गेला होता. त्याची खोली रोज तपासली असती तरी पर्यटकाच्या कॅमेऱ्यापलीकडे फारसे काही दिसले नसते.

इथला खासगीपणाचा प्रश्न मुळात रजिस्टरचा आहे. परदेशी पाहुण्याची माहिती हॉटेलने २४ तासांत सरकारला कळवायची असते. भारतीय पाहुण्याकडून आधारची झेरॉक्स घेतात आणि ती पुढे कुठे जाते याचा पत्ता नसतो. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूरु कार्यालयाने, परवाना नसलेल्या हॉटेलांना अशी प्रत घेता येत नाही, अशी सूचना काढली. दोनच दिवसांत ती मागे घेतली गेली. झेरॉक्स चालूच आहे.

दुसरा प्रश्न अविवाहित जोडप्यांचा. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईत मालवणी पोलिसांनी मढ आणि आक्सा भागातल्या हॉटेलांवर धाडी घालून सुमारे ४० जोडप्यांना ठाण्यात नेले. अनेकांवर लावलेले कलम होते महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे ११०, म्हणजे सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन. बंद खोली सार्वजनिक कशी, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला आणि पोलीस आयुक्तांना चौकशीचा आदेश द्यावा लागला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी निकालात खासगीपणा मूलभूत हक्क मानला. २०१९ मध्ये कोइमतूरच्या एका प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अविवाहित स्त्री-पुरुषांनी एका खोलीत राहणे हा गुन्हा नाही. तरी जानेवारी २०२५ मध्ये ओयो कंपनीने मेरठमधल्या आपल्या भागीदार हॉटेलांना जोडप्यांकडून नात्याचा पुरावा मागायला सांगितले आणि अविवाहित जोडप्यांना नकार देण्याची मुभा दिलीच.

चावीचा गैरवापर

खोलीत शिरण्याची परवानगी जितकी सैल, तितका गैरवापराला वाव. ऑक्टोबर २०२२ मध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकादरम्यान पर्थमध्ये विराट कोहलीच्या हॉटेलच्या खोलीत त्याच्या गैरहजेरीत कोणीतरी शिरून त्याचे बूट, कपडे, टेबलावरच्या वस्तू असे सगळे चित्रित केले आणि ते समाजमाध्यमांवर पसरले. कोहलीने स्वतः त्याविरुद्ध जाहीर नाराजी व्यक्त केल्यावर हॉटेलने माफी मागितली आणि संबंधितांना कामावरून दूर केले. तिथे कुलूप फोडले गेले नव्हते.

अमेरिकन क्रीडा पत्रकार एरिन अँड्रूज हिच्या बाबतीत कोणी आत शिरलेही नव्हते. २००८ मध्ये नॅशव्हिलच्या हॉटेलात एका माणसाने ती कोणत्या खोलीत आहे हे शोधून शेजारची खोली मागून घेतली आणि दाराच्या भिंगात फेरफार करून तिचे चोरून चित्रण केले. मार्च २०१६ मध्ये ज्युरीने ५.५ कोटी डॉलरची भरपाई ठरवली आणि ती वाटून दिली: ५१ टक्के त्या माणसाने, ४९ टक्के हॉटेलचे मालक आणि चालक कंपन्यांनी.