दूरच्या युद्धाचे पडसाद (कोल्हापूर परिसर)

दूरच्या युद्धाचे पडसाद : एखाद्या मोठ्या युद्धामुळे, त्या युद्धाशी थेट संबंध नसलेल्या आणि रणभूमीपासून हजारो मैल लांब असलेल्या प्रदेशांची अन्न, इंधन, व्यापार, चलन, आरोग्य आणि राज्यकारभाराची घडी विस्कटण्याची प्रक्रिया. कोल्हापूर परिसरात गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत रणांगण उभे राहिलेले नाही. तरीही दोन महायुद्धे, आखातातले युद्ध आणि युक्रेनवरचे आक्रमण यांची किंमत इथल्या घरांनी, शेतांनी आणि भट्ट्यांनी मोजली आहे. युद्धाने उठवलेली माणसेही याच परिसरात येऊन राहिली आहेत.

धक्का कोणाला किती बसणार हे अंतरावर ठरत नाही. त्या प्रदेशाची कोणती गरज युद्धाच्या मुलखातून किंवा तिथून जाणाऱ्या वाटेवरून भागत होती, हे आधी पाहावे लागते. मग ती वाट बंद पडल्यावर निभावून न्यायला हाताशी काय होते, हे पाहावे लागते : कोठारात धान्य होते का, तिजोरीत परकीय चलन होते का, आणि कारभाऱ्यांवर लोकांचा विश्वास होता का. श्रीलंकेची परकीय गंगाजळी युक्रेन युद्धाआधीच आटत आली होती. २०२२ च्या सुरुवातीला कच्चे तेल भडकले, एप्रिलमध्ये त्या देशाने परकीय कर्जफेड थांबवली आणि जुलैमध्ये राष्ट्राध्यक्षांना देश सोडून पळावे लागले. तेच महाग तेल भारतानेही विकत घेतले. इथे महागाई वाढली, सरकार मात्र कोसळले नाही. युद्ध बहुतेक वेळा आधीच भेगाळलेल्या भिंतीवर घाव घालते. म्हणून एखाद्या देशातल्या उलथापालथीचे खापर एकट्या युद्धावर फोडणे चूक, आणि युद्धाला त्यातून मोकळे सोडणे त्याहून मोठी चूक.

हत्यारे आणि महासत्तांचे लक्ष यांच्या वाटेनेही अस्थैर्य सरकते. २०११ मध्ये लिबियात गद्दाफींची राजवट कोसळली. तिथली शस्त्रे आणि तिथे लढलेले तुआरेग (सहारातली भटकी जमात) सैनिक सहारा ओलांडून मालीत पोचले, आणि २०१२ मध्ये उत्तर माली बंडखोरांच्या हाती गेला. महासत्ता एका आघाडीवर गुंतली की दुसरीकडचा तोलही बदलतो. रशिया युक्रेनमध्ये अडकलेला असताना, सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानने आर्मेनियन वस्तीचा नागोर्नो-काराबाख प्रदेश ताब्यात घेतला आणि एक लाखाहून अधिक आर्मेनियन काही दिवसांत घरे सोडून गेले. सीरियात डिसेंबर २०२४ मध्ये असद राजवट पडली, तेव्हा तिला तगवणारे रशिया, इराण आणि हिजबुल्ला हे तिघेही इतर लढायांत खिळखिळे झालेले होते.

पहिले महायुद्ध

१९१४ ते १९१८ या काळात हिंदुस्थानातून सुमारे १३ लाख सैनिक आणि बिगरलढाऊ माणसे परदेशी पाठवली गेली. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू छत्रपतींनी भरतीला पाठिंबा दिला होता. मराठा पलटणींतल्या अनेकांच्या वाट्याला मेसापोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकची आघाडी आली. कूत-अल-अमारा येथे १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी तुर्की वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५ पासून तो वेढा चालला. उपासमार झाली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. कैद झालेल्यांपैकी कित्येक जण वाळवंटातल्या पायपिटीत आणि तुर्की छावण्यांत मेले. तैग्रिस नदीचे नावही ज्यांनी ऐकले नव्हते अशा खेड्यांतली कर्ती माणसे तिच्या काठी गेली.

मागे राहिलेल्यांना महागाईने गाठले. कापड, रॉकेल, मीठ यांचे भाव चढले. कृत्रिम रंगांचा जागतिक व्यापार तेव्हा जवळजवळ सगळा जर्मनीच्या हातात होता. तो माल बंद झाल्यावर हिंदुस्थानभरच्या विणकरांना आणि रंगाऱ्यांना झळ बसली. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली आला होता आणि कोल्हापुरात शाहू मिलची स्थापना १९०६ सालची. दोन्हीकडचा धंदा कोवळा असतानाच बाजाराची ही अवस्था झाली.

सर्वांत मोठा घाव युद्ध संपता संपता बसला. जून १९१८ मध्ये मुंबई बंदरात इन्फ्लुएन्झा उतरला. सैन्याची ने-आण करणारी जहाजे आणि आगगाड्या यांनी तो आत नेला. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या लाटेत मुंबई इलाख्यात दहा लाखांवर माणसे दगावली. देशभरचा आकडा १ कोटी २० लाखांच्या पुढे धरला जातो. महाराष्ट्रात या रोगाला मानमोडी म्हणत. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला. धान्य आधीच महाग, त्यात उपाशी अंगावर साथ आलेली. विषाणू युद्धाने निर्माण केला नव्हता. त्याला जगभर इतक्या वेगाने फिरवले आणि इतकी अशक्त माणसे त्याच्यापुढे उभी केली, ते मात्र युद्धानेच. फ्रान्स-मेसापोटेमियासारख्या सगळ्या आघाड्यांवर मेलेले हिंदी सैनिक सुमारे ७४ हजार. या आकड्याशेजारी साथीचा आकडा ठेवला की युद्धाचा खरा हिशेब रणांगणाबाहेर किती पसरलेला असतो ते दिसते. युद्धस्मारकांवर साथीतल्या मृतांची नावे नसतात.

दुसरे महायुद्ध : टंचाई

मार्च १९४२ मध्ये जपानने रंगून घेतले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. बंगालमध्ये त्यानंतरच्या साठेबाजीने, सरकारी धोरणाने आणि चक्रीवादळाने मिळून १९४३ चा दुष्काळ घडवला. त्यात सुमारे ३० लाख माणसे मेली. मुंबईत मे १९४३ मध्ये धान्याचे रेशनिंग सुरू झाले. कोल्हापूरच्या पश्चिमेकडचे तालुके भाताचे. बाहेरच्या तांदळावरच ज्यांचे पोट होते त्यांच्याइतकी ओढ इथे लागली नाही, पण नियंत्रणे, परवाने आणि काळा बाजार इथेही आले. कच्च्या फिल्मवर सरकारी नियंत्रण आल्याने कोल्हापूरचा चित्रपट व्यवसायही अडचणीत आला.

युद्ध थेट हातात दिसायचे ते नाण्यांत. रुपयातली चांदी १९४० पासून निम्म्यावर आणली गेली. १९४३ पासून पैशाचे नाणे मधोमध गोल भोक पाडून काढले जाऊ लागले, कारण तेवढे तांबे वाचत होते. हा भोकाचा पैसा १९४७ पर्यंत पाडला गेला आणि त्यानंतरही बरीच वर्षे घराघरांतल्या डब्यांत सापडत राहिला.

वळिवडे

कोल्हापूरच्या पूर्वेला, मिरज लोहमार्गालगत असलेल्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत होती. हिंदुस्थानातल्या पोलिश छावण्यांत ही सर्वांत मोठी. जामनगरजवळची बालाचडीची मुलांची छावणी अधिक गाजली. वळिवड्याला तेवढी प्रसिद्धी मिळाली नाही, हे खटकते.

ही माणसे इथवर आली ती वाट युद्धाच्या पडसादांचा जणू नकाशाच आहे. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि १७ तारखेला सोव्हिएत सैन्य पूर्वेकडून घुसले. पूर्व पोलंडमधली लाखो माणसे १९४०-४१ मध्ये मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेली गेली. जून १९४१ मध्ये हिटलरने सोव्हिएत संघावरच आक्रमण केले आणि कालचे शत्रू मित्र झाले. जुलैच्या पोलिश-सोव्हिएत करारानंतर पोलिश कैद्यांची सुटका झाली. जनरल अँडर्स यांच्या सैन्याबरोबर १९४२ मध्ये एक लाखावर पोलिश सैनिक आणि नागरिक कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरले. पुरुष लढायला गेले. बायका, मुले आणि म्हातारी माणसे कुठे ठेवायची हा प्रश्न उरला. त्यांतली काही पूर्व आफ्रिकेत गेली, काही न्यूझीलंडला आणि मेक्सिकोला, आणि काही कोल्हापुरात आली.

वळिवड्यात कौलारू छपरांच्या लांबलचक बराकी होत्या. प्रत्येक कुटुंबाला त्यातला दोन-तीन खोल्यांचा एकेक भाग मिळे. शाळा, चर्च, दवाखाना, बालवीरांची पथके, नाटकांचा रंगमंच असे सगळे हळूहळू उभे राहिले. आधी लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारकडून खर्च होई, पुढे आंतरराष्ट्रीय मदत संघटनेने भार उचलला. बर्फातून आलेल्या या मुलांनी पंचगंगेकाठच्या पावसात आणि उसाच्या मुलखात शालेय शिक्षण घेतले. एका मुलीने तर कोल्हापुरातच संसार थाटला.

त्यांचे पुरुष इटलीत लढत होते. मे १९४४ मध्ये मोंते कसिनोची टेकडी पोलिश सैन्याच्या कोअरने घेतली. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर सुरू झालेल्या हल्ल्यात ब्रिटिशांच्या आठव्या सैन्याच्या एकाच फळीत पोलिश सैनिकही होते आणि पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवानही. याच लढाईत त्या मराठा पलटणीतले नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणजे पोलंडची कुटुंबे मराठी मुलखात राहत होती आणि दोन्हीकडची माणसे इटलीतल्या एकाच नदीकाठी लढत होती. यापेक्षा ठळक उदाहरण शोधून सापडणे कठीण.

विजय झाला तरी घरी परतता आले नाही. फेब्रुवारी १९४५ च्या याल्टा परिषदेने पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे ठेवला. वळिवड्यातल्या बहुतेकांची गावे आता दुसऱ्या देशात होती. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. छावणी मोडल्यावर पुष्कळ जण ब्रिटनला गेले, काही ऑस्ट्रेलियात व इतर देशांत पांगले, थोडे पोलंडला परतले.

बराकी रिकाम्या होत होत्या, तोवर फाळणीने घर सोडायला लावलेले सिंधी निर्वासित तिथे आणले गेले. त्यांच्या वस्तीचे गांधीनगर झाले आणि आज ती कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ आहे. महायुद्धाने थकलेल्या ब्रिटनने हिंदुस्थान घाईघाईने सोडला, हे लक्षात घेता दुसरी वस्तीही काही अंशी त्याच युद्धाच्या हिशेबात बसते. फाळणीची मुळे त्याहून जुनी आहेत, हेही खरे. पोलिश छावणीचे स्मारक कोल्हापुरात महावीर उद्यानात आहे. वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक असून ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे आदरांजली वाहिली.

स्वातंत्र्यानंतर

ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर कच्च्या तेलाचा भाव काही महिन्यांत पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या आसपास गेला. कोल्हापुरात ऑइल इंजिने बनत होती आणि त्या इंजिनांवर विहिरींचे पाणी उपसले जात होते. डिझेल महागले की दोन्ही धंद्यांना चटका बसे. १९९०-९१ च्या आखाती संकटात सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले. तेलाचा खर्च वाढला, आखातातून येणारा पैसा आटला आणि १९९१ मध्ये देशाला सोने गहाण टाकावे लागले. तेव्हाही खजिना आधीपासूनच कमकुवत होता.

युक्रेन आणि तांबडा समुद्र

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. ‘ऑपरेशन गंगा’मधून सुमारे २२,५०० भारतीय परत आले. त्यांत वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेली कोल्हापूर जिल्ह्यातली मुलेही होती. खाद्यतेलाचा दणका सर्वांना बसला. सूर्यफूल तेलाच्या जागतिक निर्यातीत युक्रेन आणि रशिया यांचा वाटा सुमारे तीन चतुर्थांश आहे. ते अडले, आणि त्यात २८ एप्रिलला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली. ती बंदी २३ मेपर्यंत टिकली. एका देशातल्या युद्धाने दुसऱ्या देशाला धास्ती बसते, तो आपला माल अडवून धरतो आणि तिसऱ्याच्या कढईतले तेल महागते. भारतानेही हेच केले. १३ मे रोजी गव्हाची निर्यात थांबवली आणि १ जूनपासून साखरेच्या निर्यातीवर १०० लाख टनांची मर्यादा घातली. कोल्हापूर हा उसाचा जिल्हा. तेल महागले की ब्राझीलचे कारखाने उसापासून साखरेऐवजी इथेनॉल अधिक काढतात आणि जगात साखर चढते. ती चढती इथल्या शेतकऱ्याच्या पदरात पुरती पडण्याआधीच दार अर्धे लावले गेले. ग्राहकासाठी तो निर्णय समजण्यासारखा होता, पण त्याची किंमत ऊसकऱ्याने मोजली.

उसाला पोटॅश हे खत लागते आणि भारत ते जवळजवळ सगळे आयात करतो. रशिया आणि बेलारूस हे त्याचे मोठे पुरवठादार. बेलारूसवरच्या निर्बंधांमुळे भाव युद्धाआधीच चढू लागले होते. २०२२ मध्ये म्युरिएट ऑफ पोटॅशची ५० किलोची पिशवी १,७०० रुपयांपर्यंत गेली. परिणाम दुकानात लगेच दिसला : शेतकरी पोटॅशला हात आखडता घेऊन स्वस्तातल्या युरियावर भागवू लागले.

शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर आणि कागल इथल्या फाउंड्र्यांची अडचण वेगळी. कास्टिंगसाठी भट्टीत पिग आयर्न (कच्चे लोखंड) आणि भंगार पडते. जगाच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या पिग आयर्नमध्ये रशिया-युक्रेनचा वाटा मोठा होता. तो तुटताच भारतीय मालाला बाहेरून मागणी आली आणि इथले दर उसळले. वाहन कंपन्यांशी झालेले कास्टिंगचे दर मात्र ठरावीक मुदतीचे असतात. कच्चा माल आजच्या भावाने घ्यायचा आणि तयार माल जुन्या भावाने द्यायचा, असे छोट्या फाउंड्रीवाल्याचे झाले. भट्टी बंद ठेवावी तर गिऱ्हाईक तुटते आणि कामगार घरी बसतो. २१ मे २०२२ रोजी केंद्राने पिग आयर्नवर १५ टक्के निर्यात कर लावला, तेव्हा भाव थोडे उतरले; नोव्हेंबरमध्ये तो कर मागे घेतला गेला.

गाझातील युद्ध ऑक्टोबर २०२३ मध्ये पेटल्यानंतर नोव्हेंबरपासून येमेनच्या हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. बहुतेक मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला. न्हावा-शेवाहून युरोपला जाणाऱ्या मालाला त्यामुळे दहा-पंधरा दिवस जास्त लागू लागले, कंटेनरचे भाडे आणि विमा वाढला. कोल्हापूरची कास्टिंग आणि इचलकरंजीचे कापड निर्यात करणाऱ्यांचे भांडवल तेवढे दिवस समुद्रावर अडकून पडू लागले आणि बँकेचे व्याज चालूच राहिले. मोठा निर्यातदार हे सोसतो. उधारीवर सूत घेणाऱ्या यंत्रमागवाल्याला मात्र पुढची खेप घालायलाच पैसा उरत नाही.