स्पेन्सर्स क्रीकचा आलेख: धरणवाल्यांची वही, स्कीवाल्यांचं पंचांग

जुलै-ऑगस्ट आला की महाराष्ट्रात सकाळी उठल्या उठल्या कोयना किती भरलं, खडकवासल्यातून विसर्ग सुरू झाला का, हे बघितलं जातं. त्याच महिन्यांत सिडनी, कॅनबेरा, मेलबर्नमधले स्कीवाले दुसऱ्याच एका आकड्याची वाट बघत असतात: स्पेन्सर्स क्रीकला या आठवड्यात बर्फ किती सेंटिमीटर? ऑस्ट्रेलियात राहून दोन्ही आकडे बघणाऱ्या मराठी माणसाला त्यांचं नातं लगेच कळतं. कारण स्पेन्सर्स क्रीकचा आकडासुद्धा मुळात धरणाचाच आहे.

ऑस्ट्रेलियाच्या स्नोई माउंटन्स डोंगरांत, पेरिशर आणि शार्लट पास या स्की केंद्रांच्या मध्ये, समुद्रसपाटीपासून साधारण १,८३० मीटर उंचीवर ही जागा आहे. इथे ना लिफ्ट, ना हॉटेल, ना कृत्रिम बर्फ पाडणारी यंत्रं. १९५४ पासून हिवाळ्यात साधारण दर आठवड्याला माणसं तिथे जाऊन मोजमाप घेतात. मोजायची पद्धत बघण्यासारखी आहे. दातेरी कडेची धातूची नळी उभी धरून, पिळत पिळत, खाली जमीन लागेपर्यंत बर्फात घुसवायची. उंची वाचायची. मग आतल्या बर्फासकट नळी उपसून काट्याला लावायची. वजनातून नळीचं वजन वजा केलं की राहिलं ते पाणी. ताजा, भुसभुशीत बर्फ हातभर साचला तरी त्यात पाणी थोडंच असतं. सप्टेंबरमधला जुना, दबून घट्ट झालेला बर्फ मात्र जवळजवळ निम्मा पाणीच असतो. धरणवाल्यांना हवा असतो तो हा पाण्याचा आकडा. स्कीवाले उंचीवर खूश असतात.

मोजमाप सुरू होण्याच्या कितीतरी आधी इथे स्कीइंग सुरू झालं होतं. १८५९-६० मध्ये याच डोंगरांतल्या कियांड्राला सोनं सापडलं आणि उघड्या डोंगरावर हजारो माणसं जमली. हिवाळ्यात काम ठप्प. त्यांच्यातल्या नॉर्वेच्या खाणकामगारांनी कुंपणाच्या फळ्या पायाला बांधल्या आणि उतारावरून घसरायला सुरुवात केली. १८६१ सालच्या या नोंदी जगातल्या जुन्या स्की-नोंदींमध्ये गणल्या जातात. तेव्हा सहलीचं नियोजन वगैरे काही नव्हतं. बर्फ दारातच होता. कियांड्रा आज ओसाड आहे. जवळचं सेल्विन हे छोटं स्की केंद्र जानेवारी २०२० च्या वणव्यात जळालं आणि पुन्हा बांधून २०२३ मध्ये उघडलं.

डोंगरावरची हवा नीट नोंदवायचा पहिला मोठा ध्यास घेतला तो क्लेमेंट रॅग यांनी. हा हवामानतज्ज्ञ क्वीन्सलँड सरकारच्या नोकरीत होता आणि चक्रीवादळांना नावं देण्याची प्रथा सुरू केल्याबद्दल ओळखला जातो. डिसेंबर १८९७ मध्ये त्यांनी २,२२८ मीटर उंचीच्या कॉझियस्को शिखरावर वेधशाळा उभी केली, आधी तंबूत, मग झोपडीत. त्याच वेळचे आकडे खाली मेरिंबुलाच्या समुद्रकाठीही घेतले जात, म्हणजे वरच्या आणि खालच्या हवेची तुलना करता येईल. भर हिवाळ्यात तिथे राहून नोंदी घेणाऱ्या त्या दोघा-तिघांबद्दल मला फार आदर वाटतो. पैसा आटला आणि १९०२ मध्ये वेधशाळा बंद पडली.

१९०९ मध्ये न्यू साउथ वेल्स सरकारने हॉटेल कॉझियस्को उघडलं आणि बर्फ बघायला जाणं ही शहरी माणसाची सहल झाली. कूमापर्यंत आगगाडी, पुढे रस्ता. एकदा निघालं की वर काय मिळेल ते नशीब.

चित्र पालटलं ते १९४९ मध्ये सुरू झालेल्या स्नोई माउंटन्स योजनेने. वितळणारं पाणी बोगद्यांतून डोंगराच्या पश्चिमेला, मरे आणि मरंबिजी नद्यांकडे वळवायचं, वाटेत वीज काढायची आणि खाली शेती भिजवायची, असा तो बेत. १९७४ पर्यंत सोळा मोठी धरणं आणि सुमारे १४५ किलोमीटर बोगदे झाले. तीसहून अधिक देशांतल्या एक लाखावर माणसांनी त्यावर काम केलं. जुनं जिंडाबाइन गाव पाण्याखाली गेलं. आज स्कीवाले ज्या जिंडाबाइनमध्ये मुक्काम करतात ते वर नव्याने वसवलेलं. कोयनेच्या खोऱ्यातल्या माणसांना यात काय काय आलं ते समजावून सांगायला नको. डोंगरावर किती पाणी बर्फाच्या रूपात थांबलंय हे कळल्याशिवाय अशी योजना चालवता येत नाही, म्हणून स्पेन्सर्स क्रीक. योजनेवर युरोपातून आलेल्या कामगारांत पट्टीचे स्कीपटूही होते. टोनी स्पोनार हा चेक माणूस त्यांच्यातलाच. त्याने आणि चार्ल्स अँटन यांनी हेरलेल्या दरीत १९५७ पासून थ्रेडबो हे स्की केंद्र उभं राहिलं. पाण्याच्या कामाने रस्ते दिले, माणसं दिली आणि आकडाही दिला.

आकड्याला एवढी किंमत का, हे या डोंगरांच्या उंचीवरून कळतं. थ्रेडबोची सर्वांत वरची लिफ्ट २,०३७ मीटरला संपते. आल्प्समध्ये तेवढ्यावर कित्येक ठिकाणी गावं असतात. इथे हिवाळाभर पारा शून्याच्या आगेमागे घुटमळतो. नैऋत्येकडून थंड हवेची लाट येते, पण तिच्या आधी वायव्येकडून उबदार वारा सुटतो आणि कित्येकदा पाऊस आणतो. शुक्रवारी रात्री पाऊस, शनिवारी दुपारनंतर बर्फ, असा शनिवार-रविवार इथे ज्याने त्याने भोगलेला असतो. म्हणून मुरलेला माणूस ‘किती मिलिमीटर’ हे विचारण्याआधी ‘कितव्या मीटरपासून बर्फ’ हे विचारतो, आणि हवामानाच्या नकाशावर ५४० ची रेषा कुठवर सरकलीय ते बघतो. ही रेषा खालच्या थरातली हवा किती गार आहे त्याचा अंदाज देते. ती डोंगराच्या उत्तरेला सरकली की बॅगा भरायच्या.

रिसॉर्टही रोज बर्फाची उंची जाहीर करतात, पण तो आकडा वेगळा वाचावा लागतो. मोजलेल्या उतारावर यंत्राने पाडलेला बर्फ असू शकतो, रोज रात्री तो चोपून सारखा केलेला असतो. स्पेन्सर्स क्रीकला निसर्गाने दिलं तेवढंच. १९८१ मध्ये तिथे ३६१ सेंटिमीटर बर्फ साचला, तो उच्चांक अजून टिकून आहे. २००६ मध्ये पूर्ण हंगामात आलेखाची रेघ ८५ सेंटिमीटरच्या वर गेली नाही. या दोन टोकांमधली सगळी वर्षं एका चित्रात एकावर एक काढली की जणू दोऱ्यांचा गुंता दिसतो. तरी त्यात एक गोष्ट स्पष्ट आहे: बर्फ सर्वांत जास्त असतो तो ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला. हंगाम जून महिन्यातल्या राजाच्या वाढदिवसाच्या सुट्टीला उघडतो खरा, पण त्या दिवशी बरेचदा हिरव्या गवतात एकच पांढरी पट्टी असते. मुलांच्या सुट्ट्या पडतात जुलैत. त्यामुळे भाव सर्वांत चढे आणि बर्फ मात्र अजून भरत असलेला, ही अडचण नोकरदार कुटुंबांच्या पाचवीला पुजलेली. ज्यांना रजा मिळू शकते त्यांनी ऑगस्टचा शेवट पकडावा, असंच मी सगळ्यांना सांगते.

हंगामभराचा अंदाज बांधायचा तर समुद्राकडे बघावं लागतं आणि इथे गोष्ट थेट आपल्या पावसाला येऊन भिडते. हिंदी महासागराच्या पूर्व आणि पश्चिम भागांतल्या तापमानाचा झोका, म्हणजे इंडियन ओशन डायपोल, १९९९ मध्ये ज्या शोधनिबंधात मांडला गेला त्याच्या लेखकांत भूपेंद्रनाथ गोस्वामी होते. पुढे ते पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे संचालक झाले. डायपोल धन असला, म्हणजे पश्चिमेकडचा समुद्र जास्त उबदार असला, की तो मॉन्सूनला बहुधा हात देतो आणि आग्नेय ऑस्ट्रेलियाचा हिवाळा-वसंत बहुधा कोरडा करतो. २००६ हे अशाच धन डायपोलचं वर्ष होतं. उलट बाजूने हिशेब तितका सरळ नाही. ऋण डायपोलमध्ये ओल भरपूर येते, पण हवा गार नसली तर ती पाऊस होऊन उरलेला बर्फही धुऊन नेते.

गेल्या काही दशकांत बर्फ कमी होत चाललाय, वसंतातला जास्त वेगाने. स्पेन्सर्स क्रीकच्या सत्तर वर्षांच्या नोंदी नसत्या तर ही घट नुसती जुन्या लोकांची तक्रार ठरली असती. दुसरीकडे पैसे मोजण्याची वेळ मात्र आधी सरकलीय. हंगामी पास स्वस्तात हवा असेल तर तो बर्फाचा कण पडण्याआधी घ्यावा लागतो. पूर्वी आकडा बघून निघायचं की नाही ते ठरायचं. आता पैसे आधीच गेलेले असतात आणि आकडा बघून फक्त दिवस ठरतो.

बाकी तयारी जुनीच. कॉझियस्को राष्ट्रीय उद्यानात हंगामात टू-व्हील ड्राइव्ह गाडीत चाकांच्या साखळ्या असाव्याच लागतात. त्या पहिल्यांदा अंधारात, बधिर बोटांनी रस्त्याकडेला चढवण्यापेक्षा घराच्या अंगणात एकदा चढवून बघाव्यात.

ऑक्टोबरच्या सुट्टीनंतर लिफ्ट बंद होतात आणि स्कीवाले आलेख बघायचे थांबतात. मोजणारे थांबत नाहीत. रेघ शून्याकडे उतरत असते आणि तिच्यातून सुटलेलं पाणी बोगद्यांतून मरे-मरंबिजीच्या शेतांकडे निघालेलं असतं.