चाळीस वर्षांची वाट, चार विजेतेपदे आणि खाडीपलीकडे गेलेला संघ

१६ जून २०१५ रोजी गोल्डन स्टेट वॉरियर्सने अंतिम मालिकेच्या सहाव्या सामन्यात क्लीव्हलँड कॅव्हेलियर्सला हरवून एनबीएचे, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, विजेतेपद मिळवले. त्याआधीचे विजेतेपद १९७५ सालचे. मधल्या चाळीस वर्षांत कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये एक पिढी जन्मली, मोठी झाली, स्वतःच्या मुलांना घेऊन त्याच अरीनात जाऊ लागली, आणि तिने आपल्या संघाला एकदाही अंतिम मालिकेत पाहिले नाही. त्यामुळे तीन दिवसांनी निघालेल्या मिरवणुकीत मेरिट सरोवरापर्यंत जी गर्दी उसळली, तिच्यात आनंदाइतकीच सुटकाही होती.

पुढचा इतिहास बास्केटबॉल पाहणाऱ्या सगळ्यांना पाठ आहे: २०१७, २०१८ आणि २०२२ मध्ये आणखी तीन विजेतेपदे. एक गोष्ट मात्र बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. ओकलंडच्या चाहत्यांनी हे सुवर्णयुग पाहिले ते संघ आपल्याला सोडून जाणार हे ठाऊक असताना. स्थलांतराची घोषणा पहिल्या विजेतेपदाच्या तीन वर्षे आधीच झाली होती.

तसा हा संघ मुळात ओकलंडचा नव्हेच. १९४६ मध्ये तो फिलाडेल्फियात सुरू झाला आणि पुढे एनबीए झालेल्या लीगचे पहिलेवहिले विजेतेपद त्याने १९४७ मध्ये जिंकले. १९५६ मध्ये पॉल अरिझिन आणि नील जॉन्स्टन यांच्या जोरावर दुसरे आले. विल्ट चेंबरलेनने एका सामन्यात १०० गुण केले ते २ मार्च १९६२ रोजी, याच संघाकडून. त्याच वर्षी संघ विकला गेला आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला, सॅन फ्रान्सिस्कोला गेला. दोन विजेतेपदे पाहिलेले फिलाडेल्फियाचे प्रेक्षक मागेच राहिले. आपल्या गावाला सोडून जाण्याची या संघाची सवय अशी जुनी आहे.

१९७१ मध्ये संघ सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंड यांच्यामधली खाडी ओलांडून ओकलंडच्या कॉलिझियम अरीनात आला आणि नाव बदलून ‘गोल्डन स्टेट’ झाला. हे कॅलिफोर्नियाचे टोपणनाव. त्या पहिल्या हंगामात काही सामने सॅन डिएगोलाही खेळवले गेले, म्हणजे मालक फ्रँकलिन म्यूली यांना सगळ्या राज्याचा संघ हवा होता. ओकलंडने हा संघ ४८ वर्षे सांभाळला, पण शहराचे नाव संघाच्या नावात कधीच आले नाही.

१९७५ चे विजेतेपद तर कोणाच्याच हिशेबात नव्हते. वॉरियर्सने ४८ सामने जिंकले होते, समोरच्या वॉशिंग्टन बुलेट्सने ६०. त्यातून अंतिम मालिकेच्या तारखांना ओकलंडचे अरीना बर्फावरच्या नृत्याच्या कार्यक्रमासाठी आधीच दिलेले. मग घरचे दोन्ही सामने डेली सिटीतल्या जुन्या काऊ पॅलेसमध्ये झाले. रिक बॅरी, जो फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारी विनाअडथळा फेक) दोन्ही हातांनी खालून टाकायचा, मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि वॉरियर्सने बुलेट्सना ४-० असे धुऊन काढले. अल ॲटल्स आणि के. सी. जोन्स हे दोन्ही संघांचे प्रशिक्षक कृष्णवर्णीय होते. एनबीएच्या अंतिम मालिकेत असे पहिल्यांदाच घडले. एवढे सगळे घडले, पण ओकलंडच्या प्रेक्षकाला ते स्वतःच्या अरीनात बसून पाहता आले नाही. पुढच्या हंगामात ५९ विजय मिळवूनही संघ अंतिम मालिकेआधीच फिनिक्सकडून हरला, आणि मग चाळीस वर्षांची वाट सुरू झाली.

ही वाट नुसत्या पराभवांची नव्हती, तिच्यात चुकीच्या निर्णयांची एक परंपराच होती. १९८० मध्ये रॉबर्ट पॅरिश आणि ड्राफ्टमधली (संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या पद्धतीतली) तिसरी निवड बोस्टनला देऊन वॉरियर्सने पहिली निवड मिळवली आणि जो बॅरी कॅरोलला घेतले. बोस्टनने त्या तिसऱ्या निवडीतून केव्हिन मॅकहेलला घेतले आणि त्या दशकात तीन विजेतेपदे जिंकली. १९८९ ते १९९१ या दोन हंगामांत टिम हार्डवे, मिच रिचमंड आणि क्रिस मलिन यांनी डॉन नेल्सनच्या हाताखाली अफाट वेगवान खेळ दाखवला. लोक वेडे झाले, तेवढ्यात रिचमंडला सॅक्रामेंटोला पाठवून दिले. १९९६ च्या ड्राफ्टमध्ये अकराव्या क्रमांकावर टॉड फुलरला निवडले. कोबी ब्रायंट आणि स्टीव्ह नॅश दोघेही तोवर शिल्लक होते. डिसेंबर १९९७ मध्ये लॅट्रेल स्प्रीवेलने सरावात प्रशिक्षक पी. जे. कार्लेसिमो यांचा गळाच धरला. १९९४-९५ पासून सलग बारा हंगाम प्लेऑफचे, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांचे, तोंड दिसले नाही.

तरीही अरीना ओस पडले नाही, हे या गोष्टीतले खरे आश्चर्य. कॉलिझियम स्थानकावर बार्टच्या (या भागातल्या लोकल रेल्वेच्या) गाडीतून उतरायचे, पादचारी पुलावरून विक्रेत्यांच्या गर्दीतून वाट काढायची आणि हरणारा संघ पाहायला आत शिरायचे, हा क्रम लोकांनी मोडला नाही. १९,५९६ खुर्च्यांच्या त्या अरीनात आवाज साचून राहायचा. पुढे ओरॅकल कंपनीचे नाव त्याला लागल्यावर लोक त्याला ‘रोअरॅकल’ म्हणू लागले.

त्या आवाजाचा कळस २००७ मध्ये झाला, आणि माझ्या मते ओकलंडच्या चाहत्यांचे पहिले ‘विजेतेपद’ तेच, चषक मिळाला नसला तरी. मार्चच्या सुरुवातीला संघ २६ विजय आणि ३५ पराभवांवर होता. बॅरन डेव्हिस, स्टीफन जॅक्सन, जेसन रिचर्डसन आणि मंडळींनी शेवटच्या २१ पैकी १६ सामने जिंकून प्लेऑफसाठीचे आठवे, म्हणजे अगदी शेवटचे, मानांकन मिळवले. एका चाहत्याने ‘वी बिलीव्ह’ असे फलक छापून वाटायला सुरुवात केली होती. ते शब्द मग पिवळ्या टी-शर्टांवर आले आणि सगळे अरीना पिवळे झाले. समोर ६७ सामने जिंकलेला डॅलस मॅव्हरिक्स. वॉरियर्सकडे परत आलेले डॉन नेल्सन याच डॅलसचे माजी प्रशिक्षक, त्यामुळे डर्क नोविट्झकीला कुठे अडवायचे हे त्यांना पक्के ठाऊक. सहाव्या सामन्यात १११-८६ असा निकाल लागला आणि सातपैकी चार विजयांच्या मालिकेत आठव्या मानांकनाने पहिल्याला हरवण्याची ती पहिली वेळ ठरली. पुढच्या फेरीत यूटाकडून हार झाली, पण आंद्रेई किरिलेंकोच्या डोक्यावरून बॅरन डेव्हिसने मारलेला डंक (उडी मारून चेंडू थेट रिंगमध्ये कोंबणे) आजही लोक दाखवतात. पुढच्या वर्षी ४८ विजय मिळवूनही प्लेऑफ हुकले. ओकलंडचे नशीबच तसे.

२०१० मध्ये जो लेकब आणि पीटर गुबर यांच्या गटाने ४५ कोटी डॉलरला संघ विकत घेतला. (त्या गटात मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवेही होते, २०१३ मध्ये त्यांनी आपला हिस्सा विकून सॅक्रामेंटो किंग्ज घेतले.) नव्या मालकांनी मार्च २०१२ मध्ये प्रेक्षकांचा लाडका मोंटा एलिस मिलवॉकीला देऊन दुखापतग्रस्त अँड्र्यू बोगटला आणले. थोड्याच दिवसांनी क्रिस मलिनची जर्सी निवृत्त करण्याच्या (त्याचा क्रमांक पुन्हा कोणाला न देण्याच्या) समारंभात लेकब बोलायला उभे राहिले आणि अरीनाने त्यांना बोलूच दिले नाही. हुर्यो थांबेना. शेवटी रिक बॅरीने माइक घेऊन प्रेक्षकांना सुनावले. त्या रात्रीची आठवण आता हसत सांगतात, कारण बोगटचा सौदा बरोबर ठरला. पण बारा वर्षे प्लेऑफ न पाहिलेल्या लोकांनी नव्या मालकावर आंधळा विश्वास का ठेवावा?

त्याच वर्षी मे महिन्यात त्यांच्या शंकेला वेगळेच खाद्य मिळाले. संघ सॅन फ्रान्सिस्कोत पाण्याकाठी नवे अरीना बांधणार, अशी घोषणा झाली. नुकत्याच संपलेल्या हंगामात त्याच संघाने २३ सामने जिंकले होते आणि ४३ हरले होते. पाण्याकाठच्या जागेला स्थानिकांचा विरोध झाला, मग २०१४ मध्ये मिशन बे भागातली जमीन घेतली गेली आणि मुहूर्त २०१९ वर गेला. संघाने काही जिंकण्याआधीच जाण्याची तयारी सुरू झाली होती, आणि आता नेमका तोच संघ घडत होता. ड्राफ्टमधून स्टीफन करी २००९ मध्ये सातव्या क्रमांकावर आला होता, क्ले थॉम्पसन २०११ मध्ये अकराव्या, ड्रेमंड ग्रीन २०१२ मध्ये पस्तिसाव्या. करीचा घोटा सतत दुखावत असल्याने २०१२ च्या शेवटी त्याच्याशी चार वर्षांचा ४ कोटी ४० लाख डॉलरचा करार झाला. तेव्हा काहींना तोही जुगार वाटला होता. प्रत्यक्षात पुढच्या सगळ्या विजेतेपदांचा पाया तो स्वस्त करार होता.

प्रशिक्षक मार्क जॅक्सन यांनी संघाला बचाव शिकवला, त्यांच्या जागी स्टीव्ह कर यांनी २०१४ मध्ये येऊन चेंडू फिरता ठेवला. पहिल्याच हंगामात ६७ विजय. अंतिम मालिकेत १-२ असे मागे पडल्यावर स्टीव्ह कर यांनी बोगटला बसवून आंद्रे इग्वोडालाला सुरुवातीपासून खेळवले आणि पुढचे तिन्ही सामने जिंकले. विजेतेपदाचा क्षण क्लीव्हलँडमध्ये आला. ओकलंडच्या वाट्याला मिरवणूक आली.

पुढचा २०१५-१६ चा हंगाम हा चाहता असण्याचा सर्वांत निखळ काळ होता, आणि नेमका तोच चषकाविना संपला. सलग २४ विजयांनी सुरुवात, करीचे ४०२ थ्री-पॉइंटर (लांबून टाकलेले तीन गुणांचे बास्केट), अखेर ७३ विजय आणि ९ पराभव. मोडला तो शिकागो बुल्सचा ७२-१० चा विक्रम, ज्या संघात स्टीव्ह कर स्वतः खेळले होते. ओक्लाहोमा सिटीविरुद्ध १-३ वरून परत येताना सहाव्या सामन्यात थॉम्पसनने ११ थ्री-पॉइंटर टाकले. मग क्लीव्हलँडविरुद्धच्या अंतिम मालिकेत ३-१ अशी आघाडी, पाचव्या सामन्याला ग्रीनवर बंदी, आणि १९ जून रोजी ओकलंडमध्येच सातव्या सामन्यात ८९-९३ असा पराभव. लेब्रॉन जेम्सने इग्वोडालाचा चेंडू बॅकबोर्डवर अडवला, कायरी अर्विंगने शेवटचा थ्री-पॉइंटर टाकला, आणि रोअरॅकल गप्प झाले.

पंधरा दिवसांनी ओक्लाहोमा सिटीचा केव्हिन ड्युरंट आला. दूरचित्रवाणीच्या नव्या करारामुळे लीगची पगारमर्यादा एका वर्षात ७ कोटींवरून ९ कोटी ४० लाख डॉलरवर उडी मारून गेली होती आणि करीचा जुना करार अजून चालू होता. म्हणून हे जमले. २०१७ च्या प्लेऑफमध्ये १६ विजय, एक पराभव. २०१८ च्या अंतिम मालिकेत ४-०. विजय भरघोस होते, पण थरार आटला होता. बाहेरचे लोक संघाचा द्वेष करू लागले आणि कायम दुबळ्याची बाजू घेत आलेल्या ओकलंडच्या चाहत्याला बलाढ्याची भूमिका काही नीट बसेना. शिवाय जिंकणाऱ्या संघाची तिकिटे महागली. खालच्या रांगांमध्ये चेहरे बदलले आणि जुनी माणसे वरच्या टोकाला किंवा घरातल्या टीव्हीसमोर गेली. हे सगळ्याच यशस्वी संघांच्या बाबतीत घडते, ओकलंडमध्ये त्याला निरोपाची तारीख जोडलेली होती इतकेच.

तो निरोप १३ जून २०१९ रोजी झाला. टोरंटो रॅप्टर्सविरुद्धच्या अंतिम मालिकेत ड्युरंटच्या टाचेचा स्नायुबंध आधीच्याच सामन्यात तुटला होता. सहाव्या सामन्यात थॉम्पसनचा गुडघा गेला. तो आत गेला, प्रेक्षकांच्या जल्लोषात परत आला, दोन्ही फ्री थ्रो टाकले आणि मगच बाहेर पडला. टोरंटो ११४-११० ने जिंकले. जाताजाता अरीनाच्या जुन्या नूतनीकरणाचे उरलेले कर्ज कोणी फेडायचे यावरून ओकलंडच्या सार्वजनिक प्राधिकरणाशी तंटा झाला आणि लवादाचा निकाल संघाच्या विरोधात गेला.

नवे चेस सेंटर देखणे आहे, १८,०६४ खुर्च्यांचे, खासगी पैशातून उभारलेले. सीझन तिकीट हवे असेल तर आधी एकरकमी सदस्यता शुल्क भरायचे, ते तीस वर्षांनी बिनव्याजी परत मिळणार. फलक छापून वाटणाऱ्या चाहत्यासाठी ही योजना नव्हती, हे उघड आहे. पहिल्याच हंगामात १५ विजय आणि ५० पराभव झाले तेव्हा खाडीच्या पूर्वेला, ओकलंडच्या बाजूला, काहींना गंमत वाटली असेल तर त्यांना दोष देता येणार नाही. पुढच्या हंगामात संघाने ‘ओकलंड फॉरेव्हर’ नावाची जर्सी काढली, २००७ च्या वळणाची. महामारीमुळे बहुतेक हंगाम रिकाम्या खुर्च्यांसमोर गेला, नाहीतर त्या जर्सीचे स्वागत कसे झाले असते हे पाहण्यासारखे होते.

२०२२ चे विजेतेपद यामुळेच वेगळे वाटते. ड्युरंट नव्हता. थॉम्पसन ९४१ दिवसांनी जानेवारीत परत आला होता. बोस्टनमधल्या चौथ्या सामन्यात करीने ४३ गुण करून मालिका फिरवली आणि अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू हा किताब त्याला पहिल्यांदाच मिळाला. मिरवणूक सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्केट स्ट्रीटवरून निघाली. पण रथातले करी, थॉम्पसन आणि ग्रीन तिघेही ओरॅकलमध्ये वाढलेले. २०१७ आणि २०१८ पेक्षा हे विजेतेपद जुन्या चाहत्यांना जवळचे वाटणे साहजिक आहे.

थॉम्पसन २०२४ च्या उन्हाळ्यात डॅलसला गेला. चेस सेंटरला सामन्यासाठी तो अनेकदा स्वतःच्या बोटीतून खाडी पार करून यायचा. म्हणून त्या नोव्हेंबरात तो पाहुण्या संघाकडून पहिल्यांदा खेळायला आला तेव्हा प्रेक्षकांना कप्तानाच्या टोप्या वाटल्या होत्या. मालकाची हुर्यो उडवणारा हाच प्रेक्षकवर्ग डॅलसची जर्सी घातलेल्या खेळाडूसाठी उभा राहिला. सामना वॉरियर्सने १२०-११७ असा जिंकला.